सूर्याचा किरीट त्याच्या पृष्ठभागाहून उष्ण का?

अकरावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांना त्यांच्या वर्गात विचारले गेलेले प्रश्न असे : शेगडीपासून दूर सरकले की धग कमी होते, मग सूर्याच्या पृष्ठभागापासून वर किरीटात, म्हणजे सूर्याच्या विरळ बाह्य वातावरणात (करोनात), जाताना तापमान काही हजार अंशांवरून दहा लाखांच्या पुढे कसे जाते? यात उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडत नाही का? आणि एवढ्या उष्ण भागातून गेलेले नासाचे पार्कर यान वितळले कसे नाही? ‘शास्त्रज्ञांना हे अजून नीट कळलेले नाही’ असे उत्तर देऊन त्यांनी वेळ मारून नेली, परंतु त्यांचे स्वतःचे समाधान झाले नाही. किरीटाच्या वर्णपटांवर (प्रकाश रंगांत विभागून मिळणाऱ्या पट्ट्यांवर) काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल.

नियमाबद्दलची शंका आधी दूर करू. उष्णता आपणहून थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे वाहत नाही, एवढेच दुसरा नियम सांगतो. कार्य करून एखादी वस्तू तापवण्याच्या तो कुठेही आड येत नाही. भिंतीला भोक पाडताना ड्रिलचे पाते चटका बसेल इतके तापते, आणि ज्या तारेतून त्याला ऊर्जा मिळते ती तार मात्र हाताला गारच लागते. सूर्याच्या पृष्ठभागाखालचा वायू सतत उकळत असतो, त्या खळबळीने चुंबकीय बलरेषांची मुळे हलतात, आणि त्या हालचालीचे कार्य बलरेषांच्या मार्गाने वर पोहोचून तिथे उष्णतेत बदलते. म्हणजे पृष्ठभागाची धग किरीटाला तापवत नाही. शेगडीची उपमा इथे लागूच पडत नाही, आणि प्रश्नातील निम्मा गोंधळ त्या उपमेचा आहे.

आता आकडे पाहू. आपल्याला दिसणारा सूर्याचा पृष्ठभाग म्हणजे दीप्तिगोल. त्याचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन. तिथून वर साधारण ५०० किलोमीटरपर्यंत तापमान अपेक्षेप्रमाणे उतरत जाते आणि ४,४०० केल्विनच्या आसपास तळ गाठते. त्यावरच्या थरात, म्हणजे वर्णगोलात, ते हळूहळू दहा-वीस हजारांवर चढते. यानंतर मात्र मुंबईहून पुण्याला जावे एवढ्या अंतरात ते लाखोंच्या घरात पोहोचते, आणि त्याच्याही वर पसरलेल्या विरळ किरीटात दहा ते वीस लाख केल्विनवर टिकून राहते. सक्रिय प्रदेशांत, म्हणजे सौरडागांच्या परिसरात, याहूनही उष्ण प्लाझ्मा, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉन गमावलेले अणू (आयन) यांचा वायू, सापडतो.

हे तापमान मोजले कसे, याची हकिगत मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो. ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली. तिची जागा पृष्ठभागाच्या वर्णपटातील लोहाच्या एका रेषेशी जुळते, असे प्रथम वाटले. पुढे २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून आत शिरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी आपली उपकरणे विजयदुर्गावर मांडली होती, तर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हे सोलापूरकडच्या जेऊरला होते. (विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून, म्हणजे लॉकियर यांच्या उपकरणांच्या चौथऱ्यांवरून, हेलियमचा शोध लागला असे सर्रास सांगितले जाते. हेलियमच्या पिवळ्या रेषेची नोंद १८६८ सालची आहे आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी. किल्ल्याचा खरा इतिहास पुरेसा मोलाचा आहे, त्याला उसन्या शोधाची गरज नाही.) त्या ग्रहणातील छायाचित्रांवरून हिरव्या रेषेची तरंगलांबी नव्याने निश्चित झाली आणि ती ५३०.३ नॅनोमीटर भरली. लोहाशी लावलेली जुळणी त्यामुळे तुटली. पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी रेषा जुळेना, तेव्हा ती ‘कोरोनियम’ नावाच्या एका नव्या मूलद्रव्याच्या नावावर टाकण्यात आली.

हे कोरोनियम पुढे चाळीस वर्षे पुस्तकांतून वावरले. वॉल्टर ग्रोट्रियान यांनी १९३९ मध्ये दिलेला दुवा पकडून स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले की, ही रेषा लोहाचीच आहे. मात्र हे लोह आपल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ गमावून बसलेले आहे. रेषा लोहाकडून सुटली आणि फिरून लोहाकडेच आली. लोहाच्या अणूतला पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, तेरावा काढायला ३६१ लागतात. ५,८०० केल्विनच्या वायूत कणांची सरासरी औष्णिक ऊर्जा अर्ध्या-पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असते. अशा वायूतील टकरींनी तेरावा इलेक्ट्रॉन निघणे शक्यच नाही. त्यासाठी वीस लाख केल्विनच्या आसपासचा वायू लागतो. प्रयोगशाळेत ही रेषा कोणाला दिसली नव्हती, त्यालाही कारण आहे. तो आयन उत्तेजित अवस्थेत सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाएवढा काळ थांबतो आणि मग प्रकाश सोडतो. अणूंच्या मापाने हा काळ प्रचंड मोठा आहे, आणि दाट वायूत तेवढ्या वेळात दुसरा कण येऊन आदळतो व ऊर्जा काढून घेतो. किरीट इतका विरळ आहे की तिथे आयनाला ही उसंत मिळते.

याच रेषेवरून आणखी एक, याहून थेट मोजमाप करता येते. रेषा काटेकोर बारीक नसते. आयन इकडेतिकडे धावत असल्यामुळे डॉप्लर परिणामाने ती पसरते, आणि तापमान जितके अधिक तितका पसारा अधिक. वीस लाख केल्विनला लोहाच्या आयनांचा औष्णिक वेग सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर येतो आणि ५३०.३ नॅनोमीटरच्या रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.०७ नॅनोमीटर भरते. वायू सहा हजार केल्विनचा असता तर ती ०.००४ नॅनोमीटर भरली असती. प्रत्यक्ष वर्णपटात किरीटाची ही रेषा नुसत्या डोळ्यांनाही फुगलेली दिसते : मधे उजळ आणि दोन्ही अंगांना हळूहळू विरत गेलेली. तिची रुंदी बहुधा ०.०८ ते ०.१ नॅनोमीटर मिळते, म्हणजे तापमानाने समजावता येते त्याहून थोडी जास्तच. या जास्तीच्या रुंदीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

यान का वितळले नाही, याचे उत्तर सोपे आहे. तापमान म्हणजे कणांची सरासरी ऊर्जा. एखादी वस्तू किती तापेल हे मात्र तिच्यावर आदळणारे कण किती आहेत यावरही ठरते. खालच्या किरीटात घनसेंटिमीटरमध्ये सुमारे शंभर कोटी कण असतात, आणि आपण श्वासात घेतो त्या हवेत त्याहून हजारो कोटी पट. दहा लाख केल्विनचा एक घनमीटर किरीट घेतला तर त्यातली सगळी औष्णिक ऊर्जा ०.०४ ज्यूलच्या आसपास भरते. शंभर मिलिलिटरचा एक कप चहा तापवायला त्या हिशेबाने सात लाख घनमीटर किरीट लागेल. २४ डिसेंबर २०२४ रोजी पार्कर यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून ताशी सुमारे ६,९२,००० किलोमीटर वेगाने गेले, आणि तिथला प्लाझ्मा तर याहूनही कितीतरी विरळ होता. यानाला खरी भीती होती ती दीप्तिगोलाच्या साध्या प्रकाशाची, कारण त्या अंतरावर तो पृथ्वीजवळच्या प्रकाशाच्या पावणेपाचशे पट तीव्र असतो. म्हणून त्याच्या पुढे ११.४ सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल आहे; ती सुमारे १,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तरी तिच्या सावलीतली उपकरणे खोलीच्या तापमानाजवळ राहतील अशी रचना आहे. थोडक्यात, यानाला पृष्ठभागापासून वाचवावे लागते, किरीटापासून नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे. किरीट तापता ठेवायला ऊर्जा किती लागते? सूर्याच्या शांत भागात दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट आणि सक्रिय प्रदेशात सुमारे १०,००० वॅट, असा अंदाज १९७७ पासून सर्वमान्य आहे. दीप्तिगोलातून दर चौरस मीटरला ६.३ कोटी वॅट बाहेर पडत असतात. म्हणजे शांत भागातल्या किरीटाची गरज एकूण ऊर्जेच्या दोन लाखाव्या भागाएवढी आहे. ऊर्जेचा तुटवडा कधीच नव्हता, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण लोकप्रिय लेखांतून ‘एवढी ऊर्जा येते कुठून’ हेच कोडे म्हणून पुढे केले जाते.

दुसरे कोडे असे वाटते की तापमान दहा लाखच का, वीस हजार किंवा शंभर कोटी का नाही. याचेही उत्तर बऱ्यापैकी पक्के आहे, आणि वर्गात सांगण्याजोगे आहे. विरळ प्लाझ्माने प्रकाशाच्या रूपात ऊर्जा गमावायची तर इलेक्ट्रॉन आणि आयन यांची टक्कर व्हावी लागते, म्हणून हा व्यय घनतेच्या वर्गाबरोबर बदलतो. घनता दहापट घटली की व्यय शंभरपट घटतो. वर्णगोलातून वर जाताना घनता झपाट्याने कोसळते, आणि तापमान एक-दोन लाखांच्या पुढे गेले की प्लाझ्माची प्रकाश टाकण्याची क्षमताही उतरू लागते. त्यामुळे मिळणारी ऊर्जा थोडी असली तरी ती झटकून टाकायला वायूला जमत नाही आणि तापमान वर निसटते. ते निसटणे थांबते तेव्हा, जेव्हा उष्णतावहन जागे होते. बलरेषेला धरून इलेक्ट्रॉन उष्णता खाली नेतात, आणि हे वहन तापमानाच्या साडेतीनाव्या घाताबरोबर वाढते; तापमान दुप्पट झाले की खाली जाणारी उष्णता अकरापट होते. उलट बाजूने पाहिले तर तापवणारी ऊर्जा दहापट केली तरी तापमान दुपटीलाही पुरते पोहोचत नाही. किरीटाला असा अंगचाच थर्मोस्टॅट आहे, म्हणूनच शांत भाग आणि सक्रिय प्रदेश यांना मिळणाऱ्या ऊर्जेत तीसपट फरक असूनही त्यांच्या तापमानात फरक दोन-तीन पटींचाच दिसतो. खाली आलेली ही उष्णता वर्णगोलाचा माथा तापवते, तिथला वायू वर उफाळतो आणि किरीटाच्या कमानी भरतो. तेव्हा किरीटाचे तापमान पाहून तापवण्याची यंत्रणा ओळखू पाहणे म्हणजे भात शिजलेला पाहून चूल गॅसची होती की लाकडांची हे सांगू पाहण्यासारखे आहे.

खरा अडथळा यापुढे येतो. चुंबकीय ऊर्जा वर पोहोचते हे ठीक, पण तिची उष्णता व्हायची तर विद्युत्‌प्रवाहाला रोध लागतो, आणि तापलेला प्लाझ्मा हा विजेचा फार उत्तम वाहक आहे. दहा लाख केल्विनला दहा हजार किलोमीटर आकाराच्या एखाद्या रचनेतला प्रवाह केवळ रोधाने विझायला सुमारे तीस लाख वर्षे लागतील. किरीटातल्या कमानी मात्र मिनिटा-तासांत उजळतात आणि मावळतात. तोच हिशेब उलटा केला तर एक-दोन मिनिटांत ऊर्जेची उष्णता होण्यासाठी प्रवाहाचे पापुद्रे दहा-बारा मीटर जाडीचे असावे लागतात. आजच्या उत्तम दुर्बिणींना किरीटातले शे-दोनशे किलोमीटरचे तपशील कसेबसे दिसतात. पृथ्वीपासून पंधरा कोटी किलोमीटरवरच्या दहा मीटर जाडीच्या पापुद्र्यात घडणारी गोष्ट तिच्या परिणामांवरून ओळखायची आहे. ऐंशीहून अधिक वर्षांचा जुना प्रश्न आजही उभा आहे तो या ठिकाणी.

ते पापुद्रे तयार कसे होतात, यावर दोन घराणी आहेत. पहिले लहरींचे. १९४० च्या दशकात आधी ध्वनिलहरींचा विचार झाला, पण त्या वर्णगोलातच खर्ची पडतात, वर पुरेशा पोहोचत नाहीत. १९४२ मध्ये हानेस आल्फव्हेन यांनी चुंबकीय बलरेषांवरून ताणलेल्या तारेसारख्या लहरी धावतात असे मांडले. याच क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा लहरी किरीटात प्रत्यक्ष असल्याचे २००७ च्या सुमारास जपानच्या हिनोदे उपग्रहाने आणि जमिनीवरील किरीटदर्शकांनी (सूर्याची तबकडी झाकून किरीट पाहणाऱ्या दुर्बिणींनी) दाखवले, आणि २०११ मध्ये झालेल्या मोजमापांवरून शांत भाग व किरीटविवरे (बलरेषा अवकाशात मोकळ्या सुटलेले किरीटाचे भाग) यांना पुरेल एवढी ऊर्जा त्यांत आहे, सक्रिय प्रदेशांना मात्र ती पुरत नाही, असे चित्र निघाले. वर ज्या जास्तीच्या रुंदीचा उल्लेख केला ती याच लहरींची खूण असावी असे बहुतेक जण मानतात, कारण लहरीबरोबर झुलणारा प्लाझ्माही रेषा फुगवतो.

दुसरे घराणे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांचे. बलरेषांची मुळे पृष्ठभागावरच्या उकळ्यांबरोबर भटकत राहतात, त्यामुळे वरच्या बलरेषा वेणीसारख्या एकमेकींत गुंतत जातात. हा गुंता एका मर्यादेपलीकडे ताणला की शेजारच्या बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. अशा छोट्या स्फोटांना पार्करनी १९८८ मध्ये ‘नॅनोज्वाला’ म्हटले. छोट्या हा शब्द सौर मापाने घ्यावा : एका नॅनोज्वालेत १ वर १७ शून्ये इतके ज्यूल असतात, आणि तेवढ्यात भारताची पाच-सहा दिवसांची वीज निघेल. मोठी सौरज्वाला याच्या दहा कोटी पट असते. सुट्या नॅनोज्वाला मोजणे अवघड आहे, पण त्या घडत असतील तर एकही ज्वाला दिसत नसताना सक्रिय प्रदेशात पन्नास लाख ते एक कोटी केल्विनचा अगदी थोडा, फिकट प्लाझ्मा सापडायला हवा. गेल्या दशकातील क्ष-किरण आणि अतिनील निरीक्षणांत तो सापडला आहे. माझ्या दृष्टीने नॅनोज्वालांच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार पुरावा आहे, २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर यानाने दाखवलेल्या आणि वृत्तपत्रांतून गाजलेल्या ‘शेकोट्यां’पेक्षाही.

या दोन घराण्यांतला वाद पूर्वी जितका टोकाचा होता तितका आता राहिलेला नाही, कारण मूळ हलवणे एकच आहे. मुळे झपाट्याने हलली तर त्यातून लहर जाते, सावकाश हलली तर गुंता साठत जातो. दोन्ही टोके पृष्ठभागात रोवलेल्या कमानींत गुंत्याला वाव मिळतो, आणि एक टोक अवकाशात मोकळे असलेल्या विवरांत तो टिकत नाही, तिथे लहरींचेच राज्य असावे. विवरांतला एक पुरावा तर थक्क करणारा आहे. सोहो उपग्रहाने १९९० च्या दशकात पाहिले की, तिथे पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचे तापमान १० कोटी केल्विनच्या वर जाते, तर शेजारचे प्रोटॉन काही दशलक्षांवर असतात. एकाच जागी दोन तापमाने! टकरी इतक्या विरळ की जड आयन लहरींकडून घेतलेली ऊर्जा शेजाऱ्यांत वाटतच नाहीत. अशा ठिकाणी ‘किरीटाचे तापमान’ हा एकवचनी शब्दप्रयोगसुद्धा सैल ठरतो.

याच विवरांतून सौरवाताचा, म्हणजे सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या प्लाझ्माचा, वेगवान झोत निघतो. दहा लाख अंशांचा किरीट गुरुत्वाने धरून ठेवणे शक्य नाही, तो सतत बाहेर वाहिलाच पाहिजे, असे पार्करनी १९५८ मध्ये गणिताने दाखवले तेव्हा दोन परीक्षकांनी त्यांचा लेख नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. चार वर्षांत मरिनर–२ यानाने सौरवात मोजला. पुढे पार्करांचेच नाव दिलेले यान २८ एप्रिल २०२१ रोजी पृष्ठभागापासून सुमारे १.३ कोटी किलोमीटर उंचीवर आल्फव्हेन सीमेच्या आत शिरले. या सीमेच्या आत सौरवाताचा वेग चुंबकीय लहरींच्या वेगापेक्षा कमी असतो, म्हणजे लहरींना अजून सूर्याकडे परतता येते; बाहेरच्या प्लाझ्माचा मात्र सूर्याशी संवाद तुटलेला असतो.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर जानेवारी २०२४ पासून भारताचे सूर्यनिरीक्षक यान आदित्य–एल१ आपल्या कक्षेत आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलेली दुर्बीण त्यावरून दीप्तिगोल आणि वर्णगोल अतिनील प्रकाशात पाहते, आणि बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचा किरीटदर्शक ज्या रेषांवर काम करतो त्यांत ५३०.३ नॅनोमीटरची ती हिरवी रेषाही आहे. विजयदुर्ग आणि जेऊरला जी रेषा मिनिट-दोन मिनिटांच्या अंधारात टिपावी लागली, ती ग्रहणाशिवाय दिवसेंदिवस पाहता येते.

तेव्हा विद्यार्थ्यांना ‘अजून कळलेले नाही’ असे सरसकट सांगू नये. ऊर्जा कुठली, ती वर कशी जाते, तापमान या पातळीवरच का थांबते, हे कळलेले आहे. ऊर्जेची उष्णता होण्याची शेवटची, दहा-बारा मीटरांच्या मापाची पायरी आणि कोणत्या भागात लहरींचा वाटा किती, गुंत्याचा किती, यावर काम चालू आहे. माझा स्वतःचा कौल सक्रिय प्रदेशांसाठी नॅनोज्वालांना आणि विवरांसाठी लहरींना आहे. वर्गात एक गणितही देता येईल : रेषेची रुंदी ०.०९ नॅनोमीटर मोजली आहे, आयनांच्या प्रमाणावरून तापमान वीस लाख केल्विन ठरले आहे, तर उरलेल्या रुंदीतून निघणारा झुलण्याचा वेग किती? रुंद्यांची वजाबाकी वर्ग करून करायची. उत्तर सेकंदाला १९ किलोमीटरच्या जवळ यायला हवे. खऱ्या वर्णपटावर हे करायचे झाल्यास उपकरणाच्या फटीमुळे आलेली रुंदीही आधी त्याच रीतीने वजा करावी लागते. विद्यार्थिदशेत मी ती विसरलो होतो, आणि माझा किरीट चाळीस लाख अंशांवर गेला होता.